बीलचा खजिना: खरा की बनाव?

प्रश्न : अमेरिकेतल्या बीलच्या खजिन्याचे तीन सांकेतिक कागद आहेत आणि त्यांतला दुसरा उलगडला आहे, असे वाचले. मग उरलेले दोनही खरेच असतील ना?

उत्तर : तसे ठरत नाही. ही कथा 1885 साली व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्गला छापलेल्या एका पुस्तिकेतून आली. थॉमस बील नावाच्या माणसाने 1819 आणि 1821 मध्ये बेडफर्ड परगण्यात सोने-चांदी पुरली, असे त्यात म्हटले आहे. मूळ कागद कोणीही तपासलेले नाहीत. आहे ती छापील प्रतच.

दुसरा कागद घरीही सोडवता येतो. त्यावर नुसते आकडे आहेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातले इंग्रजी शब्द मोजा आणि प्रत्येक आकड्याच्या क्रमांकावरच्या शब्दाचे पहिले अक्षर घ्या : 115 वर 'इन्स्टिट्यूटेड', 73 वर 'होल्ड', 24 वर 'अनदर'. पुढे मात्र मोजणी घसरते. मजकूर हवा असेल तर संकेत लिहिणाऱ्याच्या मोजणीतल्या चुकाही तशाच कराव्या लागतात.

खरी मेख तिसऱ्या कागदात आहे. त्यात 30 साथीदारांची व त्यांच्या वारसांची नावे-पत्ते आहेत म्हणे; आकडे मात्र सुमारे 618, म्हणजे माणशी जेमतेम वीस अक्षरे! एवढ्यात एक नाव आणि गाव कसेबसे बसेल, वारस कुठे बसवायचा? पहिल्या कागदाला हाच जाहीरनामा लावला तर अर्थ निघत नाही, पण एका जागी अक्षरे जवळपास वर्णक्रमाने येतात. हे संकेतलिपीचे अभ्यासक जेम्स गिलोग्ली यांनी 1980 मध्ये दाखवले. योगायोगाने असे घडणे फार अवघड. कोणीतरी जाहीरनाम्यातल्या शब्दांना क्रमांक देऊन केलेल्या तक्त्यावरून आकडे नुसते भरत गेले असावे.

आमचे मत : बनावच. कुदळ घेऊन जाऊ नका, तिथली बरीचशी जमीन खाजगी आहे.