नल गाळण्याआधी

प्रिय,

तुझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल मंजूर करण्याची विनंती, काल सावकाश वाचली. जॅक्सन ही जावाची लायब्ररी ऑब्जेक्टचं जेसन, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा मजकूर, बनवते. तिच्या मॅपरवर, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या भागावर, एकदाच ‘नॉन नल’ लावून तू सगळीकडचे नल, म्हणजे ‘व्हॅल्यू नाही’ सांगणाऱ्या खुणा, गाळलेस. ज्या ऑब्जेक्टची बहुतेक फील्ड्स रिकामी असतात त्याचं जेसन यामुळे हलकं होतं, लॉगही वाचायला सोपे जातात, हे मान्य. तरी मी ती अजून मंजूर केलेली नाही.

जेसनमध्ये ‘फोन’ ही कीच नसणं वेगळं आणि की असून तिची व्हॅल्यू नल असणं वेगळं. २०१४ च्या आरएफसी ७३९६ या इंटरनेट मानकात, म्हणजे फक्त बदल तेवढे पाठवण्याच्या जेसन मर्ज पॅचमध्ये, नलचा अर्थ ‘हे काढून टाक’ असा आहे. की आलीच नाही, तर ‘याला हात लावू नकोस’.

माझ्या सुरुवातीच्या एका प्रकल्पात मी नेमकं हेच चुकलो. माणूस आपला नंबर पुसून सेव्ह करायचा, माझा कोड तो नल गाळून विनंती पाठवायचा, सर्व्हर २००, म्हणजे ‘काम झालं’, म्हणायचा आणि जुना नंबर जिथल्या तिथे. एरर कुठेच नाही. ज्यांनी नंबर मुद्दाम काढला होता त्यांना मेसेज जात राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

लायब्ररी बदलली की सवयीही बदलतात. जीसन ही जावाचीच दुसरी लायब्ररी; ते काही न सांगता नल गाळतं, जॅक्सन काही न सांगता लिहितं. जावास्क्रिप्टचं जेसन बनवणारं स्ट्रिंगिफाय ऑब्जेक्टमधलं अनडिफाइंड (व्हॅल्यू दिलेलीच नाही) टाकून देतं, नल मात्र ठेवतं. गो भाषेतली फील्डवर लावायची ‘ओमिटएम्प्टी’ ही खूण तर ०, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंगसुद्धा गाळते. खात्यात शून्य शिल्लक आहे ही माहितीच आहे, ती गाळून कसं चालेल? तिथे शून्य आणि ‘काहीच नाही’ वेगळे ठेवायला पॉइंटर, म्हणजे व्हॅल्यूचा पत्ता, वापरावा लागतो.

म्हणून मॅपरवरची सेटिंग काढ. ज्या उत्तरांत ‘नाही’ आणि ‘रिकामं’ यांत फरक नाही, त्याच क्लासवर ती लाव. त्याआधी वाचणारा कोड बघ: कॉटलिनच्या सीरियलायझेशनमध्ये फील्ड नलेबल (नल चालणारं) असलं तरी डीफॉल्ट दिलेलं नसेल, तर की न आल्यावर अपवाद फेकला जातो, म्हणजे एरर येते.

पॅचच्या, म्हणजे फक्त बदल पाठवणाऱ्या, विनंतीला तिन्ही अवस्था कळायला हव्यात: की नाही, की नल, की भरलेली. प्रत्येकीची एकेक टेस्ट लिही, आणि ती ऑब्जेक्टवर नको, तयार झालेल्या जेसनच्या मजकुरावरच हवी. एवढं झालं की पुन्हा पाठव, त्याच दिवशी बघतो.