ड्युअल ल्युसिफरेजमध्ये १२ टक्के फ्रेमशिफ्ट: मानवी जनुकाबाबत हा आकडा खरा मानावा का?

तुम्ही संगणकावर सापडलेला मानवी जनुकातला स्लिपरी सिक्वेन्स (ज्यावर रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारं यंत्र, घसरून वाचनाची फ्रेम बदलतो, म्हणजेच फ्रेमशिफ्ट होतो, असा क्रम) रेनिला आणि फायरफ्लाय या दोन प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेजांच्या जनुकांमध्ये असा बसवलात की फ्रेमशिफ्ट झाला तरच फायरफ्लाय बनावं, एचईके२९३ या मानवी पेशींत १२ टक्के फ्रेमशिफ्ट मिळाला, आणि याला जनुकाचं नियमन म्हणता येईल का, असं विचारलंय. एवढ्यावर नाही म्हणता येणार. असे सात अक्षरी क्रम जीनोममध्ये योगायोगानेही भरपूर सापडतात.

सस्तन प्राण्यांतली फ्रेमशिफ्टची पक्की उदाहरणं मोजकीच आहेत. अँटिझाइम हे प्रथिन त्यातलं सर्वांत देखणं. तिथे रायबोसोम यूसीसी वाचून यूजीए या स्टॉप कोडॉनपाशी येतो. पेशीत पॉलिअमाइन (वाढीला लागणारे छोटे रेणू) वाढलेली असतील तर तो बऱ्याचदा न थांबता एक न्यूक्लिओटाइड पुढे सरकतो आणि जीएयू वाचतो. त्यातून पूर्ण अँटिझाइम बनतं. ते पॉलिअमाइन बनवणाऱ्या ऑर्निथिन डीकार्बोक्झिलेज या एन्झाइमला धरून युबिक्विटिनच्या खुणेशिवायच प्रोटिअसोमकडे (प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राकडे) नेतं, आणि पॉलिअमाइनचं उत्पादन खाली येतं. नियमन म्हणायचं ते याला, कारण पेशीची स्थिती बदलली की फ्रेमशिफ्टचं प्रमाणही बदलतं. पीईजी१० या जनुकात जी-जीजीए-एएसी वर -१ (एक अक्षर मागे) फ्रेमशिफ्ट होतो, पण हे जनुक मुळात रेट्रोट्रान्सपोझॉनचं, म्हणजे जीनोममध्ये स्वतःची प्रत घुसवणाऱ्या क्रमाचं आहे. सीसीआर५ या जनुकातही फ्रेमशिफ्ट होतो, हा २०१४ साली केलेला दावा मात्र २०२२ च्या फेरतपासणीत टिकला नाही.

आता तुमचे १२ टक्के. आधी इन-फ्रेम कंट्रोल (फ्रेमशिफ्टशिवायच दोन्ही ल्युसिफरेज बनतील असा तुलनेचा नमुना) पाहा. त्यात एक न्यूक्लिओटाइड कमी-जास्त करून फ्रेम जुळवलेली हवीच, शिवाय स्लिपरी सिक्वेन्सही मोडलेला हवा. नमुन्याचं फायरफ्लाय-रेनिला गुणोत्तर या कंट्रोलच्या गुणोत्तराने भागायचं, तेही ट्रान्सफेक्शन न केलेल्या (प्लास्मिड न घातलेल्या) पेशींचं बॅकग्राउंड वजा करून. दुसऱ्या कंट्रोलमध्ये फ्रेम मूळचीच ठेवून फक्त स्लिपरी सिक्वेन्स मोडा. तरीही सिग्नल राहिला, तर तो फ्रेमशिफ्टचा नाही.

बहुतेक वेळा घात होतो तो स्प्लायसिंगने, म्हणजे आरएनएमधले इंट्रॉन नावाचे तुकडे कापून उरलेले जोडण्याच्या प्रक्रियेने. यू-बहुल क्रमानंतर एजी आला की तो स्प्लाइस अ‍ॅक्सेप्टरसारखा (कापलेल्या तुकड्याच्या शेवटच्या टोकासारखा) वागू शकतो. काही प्लास्मिडांत रेनिलाच्या आधीच इंट्रॉन असतो. त्याचा डोनर (सुरुवातीचं टोक) तुमच्या तुकड्याला जोडला गेला की रेनिला गळतं आणि फायरफ्लाय मोकळं बनतं. प्रवर्तक (जनुकाचं वाचन सुरू करून देणारा क्रम) काढलेलं प्लास्मिडही करून बघा. त्यात फायरफ्लाय चमकलं तर तुमच्या तुकड्यात छुपा प्रवर्तक आहे.

पण सर्वांत निर्णायक म्हणजे टी७ एन्झाइमने परीक्षानळीत बनवलेला, दोन्ही टोकांना कॅप आणि पॉली-ए असलेला एमआरएनए थेट पेशींत सोडून ६-८ तासांनी रीडिंग घेणं. तो केंद्रकात जात नाही, त्यामुळे प्रवर्तक आणि स्प्लायसिंग हे दोन्ही प्रश्नच उरत नाहीत. १२ टक्के १ टक्क्यावर आले तर उत्तर मिळालं: बाकीचा सिग्नल फ्रेमशिफ्टचा नव्हता. आरटी-पीसीआरने (आरएनएची डीएनए प्रत करून वाढवून) आरएनए तपासणार असाल तर डीएनए नष्ट करणारी डीएनेज प्रक्रिया आणि आरटी एन्झाइमविना कंट्रोल हवाच, नाहीतर उरलेलं प्लास्मिडच पूर्ण लांबीचा बँड देतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (आकारानुसार प्रथिनं दाखवणाऱ्या चाचणीत) रेनिला-फायरफ्लायचं जोडप्रथिन साधारण ९७ किलोडाल्टनला आणि मोकळं फायरफ्लाय ६१ ला दिसेल. मात्र २ए (बनतानाच प्रथिनं वेगळी करणारा क्रम) असलेल्या वेक्टरमध्ये हा फरक कळत नाही.

स्प्लायसिंग पेशीगणिक बदलतं, म्हणून प्लास्मिडचे प्रयोग दुसऱ्या सेल लाइनमध्येही करा. तुम्ही पुण्यातच आहात, तर विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) सेल रिपॉझिटरीकडे, म्हणजे पेशीसंग्रहाकडे, चौकशी करा. हे सगळं टिकलं, तर मग मूळ जनुकातून बनलेल्या प्रथिनात दोन्ही फ्रेमना जोडणारा पेप्टाइड मास स्पेक्ट्रोमेट्रीने शोधायला घ्या.