मुलाकडे सिगारेट सापडली. आता दंड की क्लास?

‘मॅडम, पोलिसांत नाव जाईल का? आणि एखादा ऑनलाईन क्लास असेल तर सांगा, आजच नाव घालतो.’ मी समुपदेशक आहे, आणि हे दोन प्रश्न हल्ली माझ्याकडे जोडीनंच येतात. कुणाच्या मुलाच्या दप्तरात सिगारेट सापडलेली असते, कुणाच्या मुलीच्या कपाटात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. घाबरलेल्या आईवडिलांना हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं, दंडाची पावती नाहीतर सर्टिफिकेट. म्हणून ओंकारची हकीकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ओंकार अकरावीत. घर निफाडकडे, द्राक्षबाग. जेईईच्या क्लाससाठी तो नाशिकला मावशीकडे राहत होता. धुवायला टाकलेल्या जीन्समध्ये मावशीला सिगारेट आणि लायटर सापडला आणि दोन्ही घरं हादरली. आई पहिल्याच भेटीत म्हणाली, ‘माझा भाऊ टेक्सासला असतो. त्याच्या शेजारच्या मुलाला व्हेपसकट पकडलं, तर कोर्टानं दंड केला आणि ऑनलाईन क्लासला बसवलं. आपल्याकडे असं का नाही?’

प्रश्न रास्त होता. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये तंबाखू विक्रीसाठीचं किमान वय १८ वरून २१ झालं, पण तो केंद्राचा कायदा दुकानदाराला धरतो. मुलाला दंड करायचा की नाही ते राज्यं ठरवतात. टेक्सासमध्ये हा दंड १०० डॉलरपर्यंत आहे. न्यायालय मुलाला तंबाखूविषयीच्या वर्गाला पाठवतं आणि पहिलीच वेळ असेल तर वर्ग पूर्ण केल्यावर प्रकरण मिटू शकतं. मामानं एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती: तिथलं न्यायालय आईवडिलांनाही त्याच वर्गात मुलाशेजारी बसायला लावू शकतं.

आपल्याकडे २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला मनाई आहे, आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत कुणालाच विकता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यातलं कलम ७७ तर फारच कडक आहे: मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, ई-सिगारेटची विक्री देशभर २०१९ पासून बंद. सार्वजनिक ठिकाणी ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड होतो, पण तो लहान-मोठ्या सगळ्यांनाच. खिशात सिगारेट सापडली म्हणून मुलाला शिक्षा, असं आपल्या कायद्यात नाही.

‘म्हणजे याला काहीच नाही?’ आई जवळजवळ निराश झाली.

‘ताई, आधी त्याला बोलू द्या,’ मी म्हटलं.

ओंकार तयारीनं आला होता. ‘मी सगळे व्हिडिओ बघितलेत मॅडम. पाकिटावरचा कॅन्सरचा फोटो रोजच बघतो.’ खरंच होतं ते. पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानंच व्यापलेला असतो. जे त्याला पाठ होतं, तेच पुन्हा ऐकवून काय साधणार? मी वेगळं विचारलं, ‘दिवसातली कुठली सिगारेट सोडायला सगळ्यात जड जाईल?’

‘फिजिक्स आणि मॅथ्सच्या मधली.’

सकाळी डोळे उघडल्या उघडल्या सिगारेट लागत असेल, तर शरीर निकोटीनला चांगलंच बांधलं गेलंय असं समजावं. त्याची तशी वेळ आलेली नव्हती. त्याला हवी होती ती दोन तासिकांमधली वीस मिनिटं.

‘त्या वेळी नाही ओढलीस तर?’

तो बराच वेळ नखं खरवडत बसला. मग म्हणाला, ‘मग उभं कुठं राहायचं?’

आईवडील, मावशी, मामा सगळे सिगारेटीशी भांडत होते आणि मुलाचा प्रश्न जागेचा होता. क्लासमधली बाकीची मुलं कॉलेज रोड, गंगापूर रोडची, लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी. त्याच्या बोलण्याची नक्कल व्हायची. ‘टपरीवर मला “निफाड” म्हणतात, पण हाक तरी मारतात.’

‘नाही ओढली तर हाक मारणार नाहीत, असं वाटतं?’

‘बाजूलाच काढतील. मग मी संपलो.’

‘संपलास म्हणजे नेमकं काय होईल?’

‘म्हणजे...’ तो अडला. ‘वाईट वाटेल. खूप वाईट वाटेल.’

‘आणि खूप वाईट वाटलं तर सहन होईल?’

‘होईल. इथं आल्यावर पहिले दोन महिने तसंच वाटायचं की.’

मी ज्या विचारपद्धतीत शिकले, तिच्यात या पायरीला फार मोल आहे. प्रसंग माणसाला जेवढा पिळतो, त्याहून त्या प्रसंगाबद्दल त्यानं मनात धरलेलं वाक्य जास्त पिळतं. ‘मी संपलो’ या वाक्यानं मुलगा सिगारेट पेटवतो. ‘वाईट वाटेल, पण झेपेल’ एवढं हाती आलं की तो नको म्हणू शकतो. हे वाक्य त्याचं त्यानं उच्चारलं, मी पढवलं नाही. या क्षणासाठीच मी हे काम करते.

टपरी सोडायची नाही, तिथंच चहा घेऊन उभं राहायचं, असं आम्ही ठरवलं. पहिल्या दिवशी टिंगल झाली, नंतर कुणी लक्षही दिलं नाही. आठवड्याअखेर आणखी एका मुलानं त्याच्याबरोबर नुसता चहाच घेतला.

बागेची छाटणी आटोपून वडील आले. मुलाला गावी परत न्यायचं ठरवूनच आले होते. त्यांना मी टेक्सासच्या कायद्यातली ती शेजारी बसण्याची तरतूद सांगितली. ऑनलाईन वर्गाला माझा विरोध नाही, पण मुलाला एकट्याला स्क्रीनसमोर बसवून सर्टिफिकेटची वाट पाहू नका. शेजारी बसा, आणि मग कधी, कुठे, कुणाबरोबर, एवढंच विचारा. ‘का केलंस’ हा प्रश्न राहू द्या. त्याला मुलं उत्तर देत नाहीत, बचाव करतात. सकाळी उठताच लागत असेल तर डॉक्टरांकडे जा, निकोटीनचा पॅच किंवा च्युइंगगम मनानं देऊ नका. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाईनवर तंबाखू सोडण्यासाठी मोफत मदत मिळते. आणि टपरीवाल्याला कलम ७७ शांतपणे सांगून या. ओंकारच्या मावशीनं तसं सांगितलंही.

परीक्षेच्या आठवड्यात ओंकारनं पुन्हा एक सिगारेट ओढली आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं. मावशीचा मला फोन आला, ‘आता याच्याशी काय बोलू?’

‘पेपर कसा गेला ते विचारा,’ मी म्हटलं, ‘आणि मग, तेव्हा सोबत कोण होतं ते.’