काय वाचलं, ते आधी बघ

अनेक आशीर्वाद.

‘एचएलए पूर्ण जुळलं होतं, तरी प्रत्यारोपण केलेल्या स्वादुपिंडात टी पेशी शिरल्या कशा?’ हा तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. एचएलए म्हणजे पेशीवरची आपलं-परकं सांगणारी ओळखखूण, आणि टी पेशी म्हणजे ती तपासणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. मॅचिंगचा रिपोर्ट चांगला आला की आपण निर्धास्त होतो. मीही व्हायचे.

जुळ्यांपासून सुरुवात कर. 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. दोघं खरंच एकसारखे आहेत ना, हे बघायला आधी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावला होता. तो धरला, मग किडनीही चालली. तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलंय: जनुकं तीच असली की शरीर कुरकुर करत नाही.

1980च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड सदरलँड आणि सहकाऱ्यांनी वेगळाच अनुभव मांडला. टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णांना त्यांच्याच निरोगी, एकसारख्या जुळ्यांच्या स्वादुपिंडाचा भाग बसवला होता. रिजेक्शनची, म्हणजे शरीराने अवयव नाकारण्याची, भीती नाही, म्हणून पहिल्या काही जणांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिलीच नाहीत. इन्सुलिनची सुई सुटली. आणि थोड्याच आठवड्यांत मधुमेह परत हजर!

त्यांच्या बायोप्सीचं चित्र नीट डोळ्यांसमोर आण. आयलेटला, म्हणजे स्वादुपिंडातल्या संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्याला, लिम्फोसाइट्सचा (टी पेशी त्यांतल्याच) गराडा. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी संपल्यात, तिथे इन्सुलिनचा स्टेन (रंग) लागत नाही. ग्लुकॅगॉनचा, म्हणजे अल्फा पेशींच्या संप्रेरकाचा, मात्र झकास लागतो. अल्फा पेशी जागच्या जागी, पाचकरस बनवणाऱ्या पेशींना धक्का नाही. सगळ्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, जनुकं सगळ्यांची तीच. मग टी पेशीने ओळखलं काय?

टी पेशी एचएलएबरोबर त्याच्या खाचेत धरलेलं पेप्टाइडही (प्रथिनाचा छोटा तुकडा) वाचते. पहिल्या वर्गाच्या एचएलएत ते साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचं असतं. पेशी आत जे शिजवते त्याचेच तुकडे दारात मांडते. इन्सुलिन बनवते ती बीटा पेशी, त्यामुळे प्रीप्रोइन्सुलिनचे (इन्सुलिनच्या कच्च्या रूपाचे) तुकडे तिच्याच दारात. त्यांच्यावर डूख धरलेल्या टी पेशी रुग्णाच्या अंगात आधीपासूनच होत्या. नवं स्वादुपिंड त्यांना ओळखीचंच निघालं.

परक्या एचएलएवर शेकडा 1 ते 10 टी पेशी एकदम उठतात. त्या गदारोळात अशी निवडक शिकार दिसत नाही. फुफ्फुसात कोलॅजन 5 आणि हृदयात कार्डियाक मायोसिन या शरीराच्याच प्रथिनांविरुद्धही प्रत्यारोपणानंतर टी पेशी सापडल्या आहेत. पण ते कारण की झालेल्या इजेचा परिणाम, हे दर वेळी तपासावंच लागतं. घाईने कारण म्हणू नकोस.

रेसिडेंट असताना अशाच एका स्लाइडवर मी ‘रिजेक्शन’ लिहून मोकळी झाले होते. सरांनी रिपोर्ट परत पाठवला, वर पेन्सिलीने एकच शब्द: ‘कुणाचं?’ म्हणजे हल्ला नेमका कोणत्या पेशींवर?

तेव्हा घुसलेल्या पेशी मोजण्याआधी कोणत्या पेशी जिवंत राहिल्या ते लिही. ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यात) टिश्यू शिल्लक असेल तर लागोपाठच्या दोन सेक्शनवर (पातळ कापांवर) इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन लावून घे, आणि स्लाइड घेऊनच ये. दुपारी तीननंतर मी असते.