झेंग हे हा चिनी दर्यावर्दी खरंच भारतात आला होता का?

हो, अनेकदा. चीनच्या युन्नान प्रांतातल्या मुस्लिम घरात १३७१ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा मिंग राजघराण्याच्या सैन्याच्या हाती सापडला, खच्ची केला गेला आणि पुढे योंगले सम्राटाचा विश्वासू दर्यासारंग झाला. १४०५ ते १४३३ मधल्या त्याच्या सात मोहिमांपैकी पहिलीच कालिकतला पोचली, वास्को द गामाच्या नव्वदहून अधिक वर्षं आधी! नंतरच्या मोहिमा इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत गेल्या.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो श्रीलंकेत गॉलला सापडलेला झेंग हेचा १४०९ चा शिलालेख. त्यात चिनी मजकुरात बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूच्या स्थानिक रूपाला आणि फारसीत अल्लाला दान वाहिलंय. पण त्याच बेटावरच्या राज्यकर्त्याला त्याने लढाईत कैद करून चीनला नेलं, हेही सांगायलाच हवं.