सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावात नवे समाजमंदिर बांधताना ते वर्षभर वापरात राहावे यासाठी आराखड्यात काय असावे?

सभागृहाच्या आधी रस्त्याकडे तोंड असलेली रुंद, छपराखालची ओसरी आखून घ्यावी, कारण दालनाची किल्ली एकाच्याच हाती राहते, तर ओसरीवर बचतगटाची बैठक, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्यांचे बसणे कोणाच्याही परवानगीवाचून होते. स्वच्छतागृहाचे दार बाहेरून असावे. ते नसेल तर बायका तिथे फार वेळ थांबत नाहीत, आणि ही गोष्ट आराखड्यात नेहमी शेवटी आठवते. मात्र ऑगस्ट २०१९ च्या महापुराची खूण पुरुषभर उंचीवर असेल, तर केवळ जोते उंच करून भागणार नाही: चाकाची खुर्ची वर नेण्यासाठी दर १ मीटर उंचीला १२ मीटर लांबीचा उतार (रॅम्प) लागतो, म्हणून अशा ठिकाणी जोते बेताचे ठेवून बाहेरून जिना असलेला वरचा मजला आसऱ्यासाठी राखावा.