ओडिसियस पहिल्यांदाच वाचताय? मग हे ऐका

पहिल्याच पानावर नायक भेटेल अशी आशा धरू नका. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याचे सर्ग 24. पहिल्या चारांत त्याचा मुलगा टेलेमाकस बापाची बातमी काढत फिरतो. ओडिसियस येतो पाचव्यात, आणि तोही कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर समुद्राकडे बघत रडताना! तिथवर पोचायच्या आतच बरेच जण पुस्तक मिटतात. म्हणून आधी सरळ नववा सर्ग काढा, सुरुवातीकडे नंतर वळा.

नवव्यात एकडोळ्या पॉलिफेमसची गुहा आहे. इथं घाई करू नका. झोपलेल्या राक्षसाला ओडिसियस ठार का करत नाही? कारण दाराशी लावलेला धोंडा हलवायला तोच लागणार. म्हणून नुसता डोळा फोडायचा, आणि सकाळी मेंढ्यांच्या पोटाखाली लटकून बाहेर पडायचं. नाव आधीच ‘कोणी नाही’ असं सांगून ठेवलेलं. राक्षस ओरडतो, “मला ‘कोणी नाही’ मारतंय!” शेजारी आपले परत जातात. (मराठीत हा श्लेष झकास बसतो.) पण जहाजात बसल्यावर गड्याला राहवत नाही, खरं नाव ओरडून सांगतो आणि पॉलिफेमसच्या बापाचा, समुद्रदेव पोसायडनचा, कोप ओढवून घेतो. मला तो आवडतो तो या खोडीमुळेच.

ट्रॉयचा लाकडी घोडा होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ‘इलियड’मध्ये, शोधत बसू नका, तिथं तो नाही. ‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस ती गोष्ट गातो. युलिसिस म्हणजे हाच, ते त्याचं लॅटिन नाव.

आणि तेविसावा सर्ग चुकवू नका. तिथं ओडिसियसची बायको पेनेलपी पलंगाची युक्ती काढून या महाधूर्तालाच चकवते.